कंबर मोजली, ताट कोण मोजणार?

मधुमेह हा खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचा रोग आहे, ही समजूत महाराष्ट्रात दोन ठिकाणी सारख्याच निष्ठेने जोपासली जाते. एक, शहरातील सुखवस्तू वर्गात. आणि दुसरे, त्या वर्गावर टीका करणाऱ्या डाव्या चळवळीत. पहिल्याला या रोगात आपल्या समृद्धीची खूण दिसते. दुसऱ्याला वाटते की ज्यांच्या पोटात अन्न नाही त्यांचा लढा लढणाऱ्यांनी रक्तातील साखरेची चिंता कशाला करावी? दोघेही चुकत आहेत. परंतु दुसऱ्याची चूक अधिक महाग पडणारी आहे. कारण तिची किंमत स्वतः कार्यकर्ता देत नाही, ती ऊसतोडणीवर जाणारी मजूर स्त्री देते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने २००८ ते २०२० या काळात देशभर टप्प्याटप्प्याने झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. शहरी भागात प्रौढांमध्ये हे प्रमाण १६.४ टक्के, तर ग्रामीण भागात ८.९ टक्के. शहराचा आकडा मोठा आहे हे खरे. परंतु खेड्यातील दर अकरा-बारा प्रौढांमागे एकाला जो रोग आहे, त्याला चैनीचा रोग म्हणणे हा खेड्याचा उपहास आहे. याच पाहणीत पोटाभोवतीचा लठ्ठपणा ३९.५ टक्के प्रौढांत आढळला, आणि रक्तातील चरबीच्या प्रमाणात काही ना काही बिघाड असलेले लोक तर ८१.२ टक्के निघाले. हे आकडे एखाद्या वर्गाच्या चैनीचे असू शकत नाहीत. ते एका समाजरचनेचे आकडे आहेत.

फीत काय सांगते

प्रथम शास्त्राची बाजू समजून घेणे अवश्य आहे, कारण तिच्याशिवाय राजकारणाची बाजू नीट उभी राहत नाही. शरीरातील सगळी चरबी सारखी नसते. कातडीखाली साठणारी चरबी ही एका अर्थी सुरक्षित कोठार असते. ते कोठार अपुरे पडले की चरबी पोटाच्या पोकळीत, आतड्यांभोवती आणि यकृतात साठू लागते. तेथून सुटणारी मेदाम्ले थेट यकृताकडे जातात. यकृत इन्शुलिनच्या आज्ञेला दाद देईनासे होते, रक्तात ट्रायग्लिसराइड नावाची चरबी अधिक प्रमाणात सोडू लागते आणि रक्तवाहिन्यांचे रक्षण करणाऱ्या एचडीएलचे प्रमाण घटते. स्वादुपिंड काही वर्षे जादा इन्शुलिन निर्माण करून गाडा रेटते. ज्या दिवशी ते थकते, त्या दिवशी रक्तातील साखर वाढलेली दिसते आणि लोक म्हणतात, मधुमेह झाला. वस्तुतः तो कित्येक वर्षे होतच होता.

म्हणूनच कमरेचा घेर आणि रक्तातील ट्रायग्लिसराइड या दोन मोजमापांना महत्त्व आहे. साखर वाढण्यापूर्वीच ती दोन्ही बोलू लागतात. कॅनडातील क्वेबेकच्या संशोधकांनी २००० साली दाखवून दिले की पुरुषांमध्ये कमरेचा घेर ९० सेंटिमीटर किंवा अधिक आणि ट्रायग्लिसराइड प्रति डेसिलिटर सुमारे १७७ मिलिग्रॅमच्या वर, या दोन गोष्टी एकत्र आल्या की पोटातील धोकादायक चरबीचा अंदाज बऱ्याच खात्रीने बांधता येतो. २००५ साली आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने दक्षिण आशियातील लोकांसाठी धोक्याची रेषा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर अशी आखली. युरोपीय पुरुषांसाठी ती ९४ आहे. ट्रायग्लिसराइडची मर्यादा १५० मिलिग्रॅम धरली जाते. फीत म्हणजे निदान नव्हे. निदान रक्तातील साखरेवरूनच होते. पण कोणाचे रक्त आधी तपासावे हे सांगणारा इतका स्वस्त मार्गदर्शक दुसरा नाही.

बारीक देह, आतली चरबी

आता प्रश्न असा की भारतीयांसाठी ही रेषा अलीकडे का ओढावी लागली? याचे उत्तर पुण्यातच मिळाले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासमवेत २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचे एक छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३, म्हणजे कागदोपत्री दोघेही सडपातळ. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! वजनकाट्याला जे दिसले नाही ते शरीराने लपवून ठेवले होते.

याचे मूळ फार मागे, गर्भावस्थेत सापडते. पुणे जिल्ह्यातील सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. पुण्याचे बालक स्नायूंनी आणि अवयवांनी लहान होते, परंतु चरबी मात्र त्या मानाने राखून होते. आईच्या कुपोषणातून बालकाच्या शरीराने दारिद्र्याशी केलेली ही तडजोड आहे. पुढे आयुष्यभर कष्ट आणि बेताचे अन्न मिळाले, तर ती तडजोड चालून जाते. पण तेच मूल मोठे होऊन बैठ्या कामाला लागले आणि स्वस्त पिष्टमय अन्नावर वाढले, तर तीच तडजोड त्याच्या मुळावर येते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये पडलेल्या दुष्काळात जे गर्भात होते, त्यांची वयाच्या पन्नाशीत तपासणी झाली, तेव्हा त्यांचे शरीर साखर हाताळण्यात इतरांपेक्षा कमी पडत असल्याचे आढळले.

१९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या ज्या बायांच्या पोटी मुले वाढत होती, ती मुले आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. पाथर्डी, कर्जत, जामखेडच्या एखाद्या आरोग्य केंद्रात त्यांच्यापैकी कोणाच्या कमरेला फीत लागते आणि आकडा ९० च्या पुढे जातो, तेव्हा आरोग्य कर्मचारी सांगतो, ‘खाणे कमी करा.’ ज्याच्या देहाने जन्माआधीच उपासमार सोसली, त्याला खाण्याच्या संयमाचा धडा देणे हा इतिहासाचा क्रूर विनोद नव्हे काय?

साखरेचा जिल्हा

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगरमध्ये, हा प्रश्न जितक्या उघडपणे दिसतो तितका क्वचितच कोठे दिसेल. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना येथेच उभा राहिला आणि १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. शेतकऱ्याने स्वतःच्या मालकीचा कारखाना काढावा, ही कल्पना क्रांतिकारक होती, हे समाजवाद्यांनी नाकारण्याचे कारण नाही. त्या साखरेतून शाळा निघाल्या, महाविद्यालये निघाली, रुग्णालये निघाली. परंतु पाटाचे पाणी जेथवर गेले तेथवरच ती समृद्धी गेली. प्रवरा-मुळेच्या कालव्यांखाली ऊस उभा राहिला; आणि पाथर्डी-शेवगावसारख्या कोरडवाहू भागाच्या वाट्याला त्या उसाची तोडणी आली.

दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायकोचा ‘कोयता’ गाव सोडतो, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. पहाटेच्या अंधारात फडात उभी राहणारी गरोदर स्त्री, कोपीत शिजणारी भाकरी आणि तिच्याबरोबर असेल ते कालवण, पुन्हा पुन्हा मिळणारा साखरेचा चहा: या जीवनक्रमातून जन्मणाऱ्या बालकाच्या वजनाचा अंदाज करायला तज्ज्ञ लागत नाही. त्या बालकाने पुढे कोयता हाती घेऊ नये, ही त्याच्या आईची इच्छा असते आणि ती रास्त आहे. तो सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीचा पहारेकरी होतो, किंवा पुण्यात गाडी चालवतो. बारा तास खुर्चीवर किंवा चाकामागे, वडापाव आणि गोड चहा यांवर दिवस निघतो. कष्टातून सुटका झाली म्हणून घरी आनंद असतो. चाळिशीच्या आत त्याचे पोट सुटते, आणि लोक म्हणतात, ‘पोरगा सुधारला!’

ताटाचा हिशेब

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. साखर खाल्ली की मधुमेह होतो, इतके हे गणित सोपे नाही. आणि ‘साखरसम्राटांनी लोकांना रोगी केले’ अशी घोषणा टाळ्या मिळवून देईल, पण खरी ठरणार नाही. ट्रायग्लिसराइड वाढते ते गरजेपेक्षा जास्त पिष्ट आणि साखर यांचे यकृतात चरबीत रूपांतर झाल्यामुळे. मद्य आणि श्रमाचा अभाव त्यात भर घालतात. म्हणून प्रश्न एका चमच्याचा नाही, संपूर्ण ताटाचा आहे. भारतीय माणसाच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते, असे वैद्यकीय संशोधन परिषदेच्याच पाहणीतून पुढे आले आहे. डाळ, कडधान्ये, दूध, अंडी, भाजी यांना त्या ताटात जागा उरत नाही, कारण खिशात जागा नसते.

आणि हे ताट कोण वाढते? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातील माणशी ५ किलो धान्य देऊ केले. २०२३ पासून ते मोफत झाले. उपासमारीविरुद्ध हा कायदा ढालीसारखा उभा राहिला, आणि त्याच्यासाठी झालेल्या चळवळीचा अभिमान बाळगलाच पाहिजे. परंतु त्या ५ किलोंत येतात ते प्रामुख्याने गहू आणि तांदूळ. ज्वारी-बाजरीच्या या जिल्ह्यात भाकरीची जागा रेशनच्या चपातीने आणि भाताने घेतली, ती लोकांची आवड बदलली म्हणून नव्हे. ज्वारी विकत घ्यावी लागते आणि गहू फुकट मिळतो म्हणून. कायद्यात डाळीला स्थान नाही. साखरेची सोय मात्र कायद्याबाहेरच्या योजनेतून झाली: अंत्योदय कुटुंबाला महिन्याला १ किलो साखर सवलतीने देण्याची योजना केंद्र सरकारने २०२४ साली आणखी दोन वर्षांसाठी वाढवली. महाराष्ट्र सरकारने २०२२ च्या दिवाळीला ‘आनंदाचा शिधा’ म्हणून १०० रुपयांत चार वस्तू दिल्या: रवा, साखर, पामतेल आणि चणाडाळ, प्रत्येकी १ किलो किंवा १ लिटर. सणाला गरिबाच्या घरी गोडधोड व्हावे याला कोणाचा विरोध असणार? कुटुंबाला महिन्याची १ किलो साखर म्हणजे माणशी दिवसाला दोन चमचेसुद्धा होत नाहीत. आक्षेप एवढाच आहे की सरकारच्या कोठारात साखर सहज सापडते आणि डाळ सणापुरतीच सापडते. कोठारात काय साठवायचे याचा निर्णय पोषणशास्त्र करत नाही, बाजाराची सोय करते.

२०२३ हे भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, बाजरी-नाचणीला ‘श्री अन्न’ असे नाव मिळाले. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाण जपल्याबद्दल त्यांना २०२० साली पद्मश्री देण्यात आली. सन्मान योग्यच होता. पण ज्या तालुक्यातील बाईने बियाणे जपले, त्या तालुक्याच्या रेशन दुकानात ते धान्य वर्षभर मिळावे, असे सन्मान करणाऱ्यांना का वाटू नये? उलट बाजार आपले काम चोख करतो. २०२२-२३ च्या कौटुंबिक उपभोग खर्चाच्या पाहणीत ग्रामीण कुटुंबाच्या एकूण खर्चापैकी तृणधान्यांवर ५ टक्क्यांहून कमी, तर पेये व तयार खाद्यपदार्थ यांवर ९.६ टक्के खर्च होत असल्याचे दिसले. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराचे दर बदलले, तेव्हा साखरयुक्त शीतपेयांवर ४० टक्के कर ठेवला गेला, हे ठीक झाले. परंतु बिस्किटे आणि पाकीटबंद फरसाण ५ टक्क्यांवर आणून ठेवले. जो पुडा पाच-दहा रुपयांत मजुराच्या मुलाच्या हातात पडतो, तो आणखी सुलभ झाला.

फॉर्म भरला, पुढे काय?

अशा ताटावर वाढलेल्या माणसाकडे शासन फीत घेऊन येते. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढील प्रत्येकाचा एक फॉर्म आशाताई भरते. वय, तंबाखू, मद्य, कमरेचा घेर, आठवड्यात १५० मिनिटांचा व्यायाम, घराण्यातील रोग यांना गुण दिले जातात. चारच्या वर गुण झाले की त्या व्यक्तीला तपासणीसाठी प्राधान्याने पाठवायचे. कल्पना चांगली आहे. परंतु गुणांच्या त्या रकान्यांत ताटाला जागा नाही, जन्माच्या वजनाला नाही आणि स्थलांतरालाही नाही. एका फॉर्ममागे आशाताईला १० रुपये देण्याची केंद्राची तरतूद आहे. दहा रुपयांत एका माणसाच्या भवितव्याचा अंदाज! शासन ज्या दराने श्रम विकत घेते, त्या दरावरून त्याला त्या श्रमाच्या फलिताची किती आस्था आहे ते कळते.

कमरेचा घेर वाढलेला निघाला तर दंडातून रक्त काढून चरबीची तपासणी व्हावी, साखरेची तपासणी व्हावी, आणि सहा महिन्यांनी पुन्हा व्हावी. पण ज्या सहा महिन्यांत ही तपासणी व्हायची, त्याच सहा महिन्यांत कोयता फडात असतो. गावच्या यादीत त्याचे नाव असते, माणूस नसतो. कारखान्याच्या तळावर माणूस असतो, यादीत नाव नसते. पुढे पायाची जखम चिघळते, मूत्रपिंड निकामी होते, आणि मग महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना धावून येते. डायलिसिसचा खर्च शासन करते. उपचार हवेतच, त्याबद्दल वाद नाही. पण जे शासन मूत्रपिंड गेल्यावर लाखांचा भार उचलते, त्याला मूत्रपिंड शाबूत असताना किलोभर डाळ परवडत नाही, हे कोणते अर्थशास्त्र?

यावर नेहमीचे उत्तर असे की माणसाने स्वतःची जबाबदारी ओळखावी, चालावे, तोंडावर ताबा ठेवावा. या उत्तरात तथ्य नाही असे नाही. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या चमूने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांनी आहार आणि व्यायाम यांत बदल केल्यावर रोगाचा धोका तीन वर्षांत २८.५ टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे रोग टाळता येतो. परंतु त्या लोकांना वारंवार सल्ला देणारे कोणी होते, आणि सल्ला पाळता येईल असे जीवन होते. रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला ‘वेळेवर जेवा’ आणि हंड्यासाठी मैलभर चालणाऱ्या बाईला ‘फिरायला जा’ असे सांगणे म्हणजे सल्ला नव्हे. तो जबाबदारी झटकण्याचा सभ्य मार्ग आहे.

कार्यकर्त्यांचे काम

या जिल्ह्याला दुसरा मार्ग अपरिचित नाही. १९७० साली जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्याच, फारशा न शिकलेल्या स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार त्या कामाला मिळाला. मोजमाप करणारी बाई गावची असेल, तिला आकड्याचा अर्थ माहीत असेल आणि त्याविषयी बोलण्याचा अधिकार असेल, तर फीत हे शासनाचे हत्यार न राहता लोकांचे साधन होते, हा जामखेडचा धडा आहे.

म्हणून पक्षाच्या शाखांनी हा प्रश्न डॉक्टरांवर सोपवून मोकळे होऊ नये. मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. रेशनवर वर्षभर डाळ आणि गहू-तांदळाबरोबर ज्वारी-बाजरी मिळाली पाहिजे, आणि ते धान्य जिल्ह्यातल्याच कोरडवाहू शेतकऱ्याकडून हमीभावाने खरेदी झाले पाहिजे. म्हणजे पाथर्डीच्या रानाला भाव येईल आणि कोयत्याची गरजही थोडी कमी होईल. प्रत्येक कारखान्याच्या तळावर हंगाम सुरू होताच कमरेची, रक्तदाबाची, साखरेची आणि ज्यांना आवश्यक त्यांची रक्तातील चरबीची तपासणी झाली पाहिजे. तिचा खर्च गाळपाच्या हिशेबात धरला पाहिजे आणि नोंदीचा कागद मजुराबरोबर गावी गेला पाहिजे. अनुसूचित क्षेत्रातील गरोदर स्त्रियांना २०१५ पासून अमृत आहार योजनेत एक वेळचे पूर्ण जेवण दिले जाते. ते ऊसतोडणीच्या तळावरील प्रत्येक गरोदर स्त्रीला मिळाले पाहिजे, कारण पुढच्या पिढीच्या मधुमेहाला अटकाव तेथेच करता येतो. आणि आशाताईला फॉर्मामागे मोबदला न देता नियमित वेतन दिले पाहिजे.

शिवाय एक काम असे आहे की त्यासाठी मोर्चाची किंवा निवेदनाची आवश्यकता नाही. शाखेच्या पुढच्या बैठकीत भज्यांच्या ताटाबरोबर एक फीतही ठेवावी. पुरुषांनी ९० चा आणि स्त्रियांनी ८० चा आकडा लक्षात ठेवावा, शेवटच्या बरगडीच्या आणि कमरेच्या हाडाच्या मधोमध, श्वास सोडून घेर मोजावा, आणि रेषा ओलांडलेल्यांनी आरोग्य केंद्रात जाऊन रक्ताची तपासणी मागावी. ‘मागावी’ हा शब्द जाणीवपूर्वक वापरला आहे. तेथे तपासणी होत नसेल तर का होत नाही हे विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावे. एका कार्यकर्त्याची कंबर हा त्याचा खासगी प्रश्न असू शकेल. एका तालुक्याच्या कमरांचा तक्ता हा राजकीय दस्तऐवज असतो. ज्या चळवळीने एकेकाळी धान्याच्या कोठारांचा हिशेब मागितला, तिने आता त्या धान्याने देहात काय साठवले याचाही हिशेब मागितला पाहिजे.